सन १८१५: लयीला आकडा मिळाला ते साल

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या ‘एर्लक्योनिग’ या गाण्याची पहिली छापील प्रत १८२१ साली व्हिएन्नात निघाली. स्वरलेखनाच्या पहिल्या ओळीच्या डोक्यावर ‘जलद’ अशा अर्थाचा एक जर्मन शब्द आहे आणि त्याला लागून एक आकडा: १५२. मिनिटाला १५२ मात्रा. गाणं लिहून झालं होतं १८१५ मध्ये. असा आकडा लिहिण्याची सोय करून देणाऱ्या यंत्राचं, मेट्रोनोमचं, पेटंटही पॅरिसमध्ये घेतलं गेलं ते १८१५ मध्येच. त्या वर्षाकडे नेपोलियनच्या पराभवाचं वर्ष म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. पण युरोपच्या संगीतात तेव्हा एक मोठी हालचाल चालू होती. वादकाच्या हातात, गवयाच्या गळ्यात आणि गुरूच्या अंगात असलेल्या काही गोष्टी तिथून निघून पितळेत, स्प्रिंगमध्ये आणि कागदावर उतरत होत्या. ते नेमकं कसं घडलं, ते सुटं सुटं करून पाहू.

आकड्याआधी काय होतं?

युरोपात लय सांगायला इटालियन शब्द वापरत. ‘अँदान्ते’ म्हणजे चालत, ‘आलेग्रो’ म्हणजे खुशीत, ‘प्रेस्तो’ म्हणजे झटपट. अडचण उघड आहे. व्हिएन्नातला ‘खुशीत’ आणि लंडनमधला ‘खुशीत’ सारखा कसा असणार? आपल्याकडे ‘मध्यलय’ म्हटल्यावर घराण्यागणिक वेगळी लय निघते, तसंच ते. त्यावर तोडगा म्हणून बासरीवादक क्वांट्स याने १७५२ सालच्या आपल्या ग्रंथात माणसाची नाडी हे माप सुचवलं: निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सुमारे ८० ठोके देते, तिच्या पटीत लय धरा. पण नाडी जेवणानंतर वेगळी, जिना चढून आल्यावर वेगळी.

दुसरा उपाय दोरीच्या लंबकाचा. तो १६९६ मध्येच फ्रान्समध्ये लुलिए याने करून दाखवला होता. हा घरी करून पाहण्यासारखा आहे. दोऱ्याला एक जड नट बांधा आणि खुंटीपासून नटाच्या मध्यापर्यंतचं अंतर ९९.४ सेंटीमीटर ठेवा. थोडंसं झुलवलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला बरोबर एक सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला ६० ठोके. १२० ठोके हवे असतील तर लांबी निम्मी नाही, चौथा हिस्सा करावी लागते: २४.८ सेंटीमीटर. आणि ४० ठोक्यांची संथ लय हवी असेल तर दोरा २ मीटर २४ सेंटीमीटर लागतो. हा लंबक टांगायला छताला हूक हवा. शिवाय हवेच्या आणि दोऱ्याच्या घर्षणाने तो थोड्या वेळात मंदावतो, पुन्हा झुलवावा लागतो, आणि तो वाजत नाही, नजर सतत त्याच्यावर ठेवावी लागते. वाद्य वाजवणाऱ्याचे डोळे कागदावर असतात. त्यामुळे हा उपाय सव्वाशे वर्षं माहीत असूनही कुणाच्या घरात रुळला नाही.

विंकेलची युक्ती

संथ लयीसाठी लांब लंबक लागतो, ही अडचण ॲमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या दिट्रिख विंकेल या कारागिराने १८१४ मध्ये सोडवली. त्याने दांडीला मध्येच कुठेतरी आस दिला आणि आसाच्या खाली एक जड वजन आणि वर एक हलकं वजन लावलं.

याने काय होतं ते किराणा दुकानातला जुना तराजू आठवला की कळतं. एका पारड्यात बराच जास्त माल असेल तर दांडी झटकन कलते. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी झाली की तीच दांडी रेंगाळत, सावकाश झुलते. विंकेलच्या दांडीत खालचं वजन तिला सरळ उभं करायला ओढतं आणि वरचं वजन त्या ओढीच्या विरुद्ध काम करतं. ओढ कमी झाली, पण हलवायचं वजन मात्र वाढलं. त्यामुळे झोका मंदावतो.

आकडे घालून पाहू. समजा खालचं वजन ३० ग्रॅम आणि ते आसापासून ४ सेंटीमीटर खाली आहे. वरचं वजन ६ ग्रॅम. दांडीचं स्वतःचं वजन सोडून दिलं, तर वरचं वजन आसापासून १० सेंटीमीटरवर असताना मिनिटाला १४१ ठोके पडतात. १२ वर नेलं की ११३, १४ वर ८८, १६ वर ६५ आणि १८ वर ४२. म्हणजे दोरीच्या लंबकाला जिथे दोन मीटरच्या वर लांबी लागत होती, ते काम वीतभर दांडीत झालं. २० सेंटीमीटरवर नेलंत तर दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ होतात आणि दांडी झुलतच नाही. म्हणून यंत्रावरची पट्टी त्याआधीच संपवावी लागते.

बाजारात मिळणाऱ्या किल्लीच्या मेट्रोनोममध्ये खालचं जड वजन लाकडी पिरॅमिडच्या आत लपलेलं असतं. दिसतं ते फक्त वरचं सरकतं वजन. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की हा उलटा उभा केलेला साधा लंबक आहे. झाकण काढून आत डोकावलं की उलगडा होतो. तिथेच दात्यांचं एक चाकही दिसतं. किल्ली दिल्यावर घट्ट झालेली स्प्रिंग ते चाक फिरवू पाहते आणि दांडी प्रत्येक झोक्याला त्याचा एकेक दाता सोडते. दाता सुटताना होतो तो ‘टक्’, आणि त्याच क्षणी चाक दांडीला एक बारीकसा धक्का देऊन घर्षणात गेलेली ताकद भरून काढतं.

१८१५ मध्ये योहान मेल्त्सेल ॲमस्टरडॅमला आला. हा माणूस यंत्रांच्या जगात तोवर प्रसिद्ध होता: आपोआप वाजणारा वाद्यवृंद त्याने बांधला होता आणि ऐकू कमी येणाऱ्या संगीतकार बेथोव्हेनसाठी कानाला लावायचे कर्णे केले होते. विंकेलचं यंत्र त्याने पाहिलं, विकत मागितलं, विंकेलने नकार दिला. मग मेल्त्सेलने त्याच तत्त्वावर यंत्र केलं, दांडीमागे आकड्यांची पट्टी लावली आणि पॅरिसमध्ये पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे नेदरलँडमधल्या विद्वानांनी चौकशी करून विंकेलची बाजू उचलून धरली, पण तोवर कारखान्यातून यंत्रं बाहेर पडली होती. आजही स्वरलेखनात आकड्याआधी जी ‘एम. एम.’ अक्षरं दिसतात, त्यांतला एक ‘एम’ मेल्त्सेलचा आहे. आमच्या मते पट्टी ही मेल्त्सेलची भर खरोखर मोलाची होती, कारण तिच्यामुळे एका गावचा आकडा दुसऱ्या गावी वाचता आला. पण झोक्याची युक्ती विंकेलची, आणि नाव त्याचंच राहायला हवं होतं.

पट्टी आणि तिच्यावरच्या चुका

मेट्रोनोमच्या रूढ पट्टीवर आकडे ४० पासून २०८ पर्यंत जातात, पण सारख्या अंतराने नाही. ४० ते ६० दोनदोनने, ६० ते ७२ तीनतीनने, ७२ ते १२० चारचारने, १२० ते १४४ सहासहाने आणि पुढे आठआठने. वरवर पाहता हे मनमानी वाटतं. पण भागाकार करा: ४० वरून ४२ म्हणजे पाच टक्के वाढ, ६० वरून ६३ म्हणजे पाच टक्के, १२० वरून १२६ म्हणजे पुन्हा पाच टक्के. कान लयीतला फरक वजाबाकीने ऐकत नाही, प्रमाणाने ऐकतो. ४० आणि ४४ यांतला फरक कुणालाही जाणवेल, २०० आणि २०४ यांतला सहसा जाणवणार नाही. पट्टी कानाच्या हिशोबाने आखलेली आहे.

किल्लीचं यंत्र वापरताना बिघडतं ते बहुतेक चार ठिकाणी.

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे लंगडे ठोके: टक्-टक्, टक्-टक् अशा जोड्या पडतात. यंत्र बिघडलेलं नसतं, टेबल कललेलं असतं. दाता सुटण्याच्या दोन जागा दांडीच्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसवलेल्या असतात. यंत्र कललं की दांडी एका जागेशी लवकर पोचते, दुसरीशी उशिरा. एका पायाखाली घडी केलेला कागद सरकवत जा, ठोके सारखे झाले की थांबा. जुन्या यंत्राची आतली बैठकच हलली असेल तर मात्र सपाट टेबलावरही ते लंगडतं. तेव्हा ते कायमचं थोडं तिरकं ठेवणं हाच सोपा इलाज.

दुसरा दोष, सरकत्या वजनाची पकड सैल होते. वजन हळूहळू खाली घसरतं आणि लय चढत जाते. वादकाला वाटतं आपणच मागे पडतोय. तिसरा दोष वाचण्याचा: आकडा वजनाच्या वरच्या कडेशी वाचायचा असतो, खालच्या नाही. आणि चौथा म्हणजे वंगण वाळणं. झोका लहान होतो, आवाज बसतो आणि किल्ली पूर्ण दिलेली असूनही यंत्र मध्येच थांबतं.

तपासणी सोपी आहे. १२० वर लावून घड्याळाने दोन मिनिटं मोजा, २४० ठोके यायला हवेत. मोजताना पहिल्या ठोक्याला ‘एक’ न म्हणता ‘शून्य’ म्हणा, नाहीतर एक ठोका हमखास जास्त मोजला जातो. मग तसंच ६० वरही करून पाहा. संथ बाजूला वजनाच्या जागेतली मिलिमीटरभर चूकही प्रमाणाने मोठी पडते. वरच्याच उदाहरणात १४१ च्या आसपास एक मिलिमीटर सरकल्याने साधारण एक टक्का फरक पडतो, ४२ च्या आसपास जवळजवळ तीन टक्के.

बेथोव्हेनचे आकडे

मेट्रोनोम हाती आल्यावर बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या आठही सिंफनींचे (पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनांचे) आकडे लायप्त्सिगच्या संगीत साप्ताहिकात छापून आणले. यांतल्या काही आकड्यांवर दोनशे वर्षं वाद चालू आहे, कारण ते फार जलद वाटतात.

पाचव्या सिंफनीचा पहिला भाग घ्या, त्या प्रसिद्ध चार स्वरांनी सुरू होणारा. त्याला आकडा आहे १०८, आणि एक ठोका म्हणजे एक संपूर्ण खंड, स्वरलेखनात उभ्या रेषांनी पाडलेला मात्रांचा एक गट. या भागात ५०२ खंड आहेत, आणि सुरुवातीचे १२४ खंड दोनदा वाजवायचे असतात. एकूण ६२६. त्याला १०८ ने भागलं की ५ मिनिटं ४८ सेकंद येतात, त्यात स्वर लांबवून थांबायच्या जागांचा थोडा वेळ मिळवा. विसाव्या शतकातल्या अनेक नामांकित ध्वनिमुद्रणांना याच भागासाठी सात-आठ मिनिटं लागलेली आहेत.

मग चूक कुणाची? यंत्र मंद चालत होतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पण दुरुस्तीची कामं केलेला माणूस लगेच विचारेल: आतलं वजन झिजलं किंवा हललं तर संथ आणि जलद आकड्यांवर त्याचा परिणाम सारखा होत नाही, मग बेथोव्हेनचे आकडे सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात जलद का? २०२० मध्ये माद्रिदमधल्या दोन संशोधकांनी पुष्कळ ध्वनिमुद्रणं संगणकाने मोजून असं मांडलं की बेथोव्हेन वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेशी आकडा वाचत असावा. नवव्या सिंफनीच्या हस्तलिखितावर ‘१०८ किंवा १२० मेल्त्सेल’ अशी नोंद आहे, आणि तो फरक वजनाच्या उंचीएवढा भरतो. हे पटण्यासारखं आहे, पण शेवटचा शब्द नाही. त्या काळच्या हलक्या गजाच्या व्हायोलिनी आणि लहान वाद्यवृंद घेऊन मूळच्या आकड्यांजवळ वाजवणारे वाद्यवृंद आज आहेत, आणि त्यांचं वादन गडबडीचं वाटत नाही.

खुद्द बेथोव्हेनला आकड्याची मर्यादा ठाऊक होती. १८१७ च्या एका गाण्यावर त्याने १०० हा आकडा घालून पुढे लिहून ठेवलं की हा फक्त पहिल्या काही खंडांपुरता समजावा, कारण भावनेलाही स्वतःची लय असते.

आपल्या रियाजाला हे यंत्र कसं लावायचं, हा प्रश्न इथेच घेऊ. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं आवर्तन एका मिनिटाचं असेल तर एक मात्रा पाच सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १२. पट्टी ४० च्या खाली जात नाही. तेव्हा यंत्र ४८ वर लावा आणि चार ठोक्यांना एक मात्रा धरा. आवर्तन ४८ सेकंदांचं असेल तर यंत्र ६० वर. उलट द्रुत तीनताल ३२० च्या घरात असेल तर १६० वर लावून एका ठोक्यात दोन मात्रा. मधल्या लयीला आकडा थेट चालतो. मात्र यंत्राला सम कळत नाही, खाली कळत नाही. ठेका नसल्याने दहा मिनिटांत जागा हरवते, म्हणून हातावर ताल धरूनच बसावं. लय कुठे आहे हे शोधायला आणि तान कुठे पळते हे पकडायला यंत्र उत्तम. संपूर्ण बडा ख्याल त्याच्यावर बांधून गायला घेतला, तर जी लय रंगात येता येता आपसूक चढायला हवी, ती दाबली जाते.

पितळी नळीतले हरवलेले स्वर

त्याच सुमारास प्रशियात हॉर्न हे पितळी वाद्य वाजवणारा हाइनरिख श्ट्योल्त्सेल एका वेगळ्या अडचणीशी झगडत होता. लांब पितळी नळीत फुंकलं की त्यातून सगळे स्वर निघत नाहीत. ओठ जसजसे आवळावेत तसे ठरावीक स्वर उड्या मारत येतात: खर्जाचा सा, वरचा सा, प, त्यावरचा सा, मग ग, प, कोमल निषादाहूनही उतरलेला एक स्वर, आणि पुन्हा सा. सलग रे-ग-म-प असं काही वाजवायचं तर अगदी वरच्या सप्तकात जावं लागतं, आणि तिथेही मध्यम चढाच लागतो. उरलेले स्वर काढण्यासाठी वादक उजवा हात हॉर्नच्या तोंडात घालून नळी अर्धी-पाऊण बंद करत. स्वर मिळे, पण घुसमटलेला. किंवा मग गाण्याची पट्टी बदलली की नळीचे सुटे वेटोळे बदलत बसायचे.

श्ट्योल्त्सेलने मुख्य नळीला लहान जादा वेटोळी जोडली आणि दट्ट्या दाबला की हवा त्या वेटोळ्यातून वळून जाईल असा व्हॉल्व्ह केला. डिसेंबर १८१४ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला याबद्दल अर्ज लिहिला. १८१५ मध्ये लायप्त्सिगच्या त्याच साप्ताहिकात बातमी छापून आली. १८१८ मध्ये त्याने आणि ब्ल्यूमेल या दुसऱ्या वादकाने मिळून पेटंट घेतलं. सुरुवातीला व्हॉल्व्ह दोन होते, पुढे तीन झाले. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या ट्रम्पेटवर जी तीन बटणं दिसतात, ती याच घराण्यातली.

हिशोब असा. पहिला व्हॉल्व्ह स्वर दोन अर्धस्वरांनी (अर्धस्वर म्हणजे हार्मोनियमच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) उतरवतो, दुसरा एकाने, तिसरा तीनाने. ‘एफ’ या पाश्चात्त्य स्वराच्या हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर असते. एक अर्धस्वर उतरायला लांबी सहा टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे साधारण २२ सेंटीमीटर. दोन अर्धस्वरांना ४५, तीनांना ७०.

यात एक मूळचाच दोष आहे. पहिला आणि दुसरा एकत्र दाबले की ४५ आणि २२ मिळून ६७ सेंटीमीटर वाढतात, पण तीन अर्धस्वरांना ७० हवेत. तिन्ही एकत्र दाबले की १३७ मिळतात आणि हवे असतात १५३. कारण टक्केवारी दर वेळी वाढलेल्या नळीवर लागते, आणि वेटोळी मात्र मूळ नळीच्या मापाने कापलेली असतात. सोळा सेंटीमीटर कमी पडले की स्वर जवळजवळ पाव स्वराने चढा लागतो. कारागीर वेटोळी किंचित लांब ठेवून चूक वाटून टाकतात, आणि वादक उरलेलं ओठाने उतरवून घेतो. तिन्ही बटणं दाबून येणारा स्वर ट्रम्पेटवर चढा का लागतो, असं नवशिके विचारतात. त्याचं कारण हे आहे.

कागदावर उतरलेला गळा

इटलीत त्याच वर्षी तेवीस वर्षांचा संगीतकार रोसिनी नेपल्सला आला. ४ ऑक्टोबर १८१५ रोजी सान कार्लो नाट्यगृहात त्याचा इंग्लंडच्या राणी एलिझाबेथवरचा ऑपेरा झाला. त्यात संवादासारखे बोलत गायचे भागही त्याने एकट्या पियानोसारख्या वाद्यावर न सोडता तंतुवाद्यांच्या साथीने बांधले, आणि गायक ज्या ताना-मुरक्या आपल्या मनाने घेत त्याही पुष्कळ ठिकाणी स्वतः लिहून दिल्या. गायकाचं स्वातंत्र्य आणि रचनाकाराची मुखत्यारी यांतला तोल इथे कागदाकडे सरकताना दिसतो. या ऑपेराची नांदी (सुरुवातीचं वाद्यसंगीत) त्याने १८१३ च्या आपल्याच एका ऑपेरातून उचलली होती. तीच त्याने फेब्रुवारी १८१६ मध्ये ‘सेव्हिलचा न्हावी’ला पुन्हा लावली, आणि आज ती त्याच नावाने ओळखली जाते.

छापील कागदामुळे हौशी लोकांनाही मोठी कामं पेलता येऊ लागली. अमेरिकेत बॉस्टनला १८१५ मध्ये हेंडेल आणि हायडन या संगीतकारांच्या नावाची गायनसंस्था निघाली. तिचा पहिला कार्यक्रम त्या वर्षीच्या नाताळच्या रात्री झाला आणि ती आजही चालू आहे. व्हिएन्नात वर्षाच्या पूर्वार्धात युरोपभरचे राजे आणि मुत्सद्दी परिषदेसाठी जमले होते. नाचघरांतून वॉल्ट्झची तीन मात्रांची चाल त्यांच्या कानावर पडत होती आणि त्यांच्यासोबत ती आपापल्या देशी गेली.

याच साली तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातले सरफोजी राजे (दुसरे) होते. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, आणि व्हायोलिन दक्षिणी संगीतात रुजलं तेही याच काळात, याच परिसरात. इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या लावण्या डफ-तुणतुण्यावर गाजत होत्या. त्यांचे शब्द वह्यांमधून आपल्यापर्यंत आले. चाल आणि लय मात्र गाणाऱ्यांबरोबर बदलत गेली, कारण ती लिहून ठेवायची रीतच नव्हती. होनाजीच्या नावावर असलेली ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आज ज्या चालीत आपल्या ओठांवर येते, ती १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटासाठी वसंत देसाई यांनी बांधलेली आहे. बाजीरावाच्या पुण्यात ती किती सावकाश गायली जाई, ते सांगणारा आकडा कुठेही नाही.

१५२

आता शूबर्टकडे. १८१५ मध्ये तो अठरा वर्षांचा होता आणि व्हिएन्नाच्या उपनगरात वडिलांच्या शाळेत लहान मुलांना शिकवत होता. त्या एका वर्षात त्याने १४० हून अधिक गाणी, दुसऱ्या सिंफनीचा शेवट, संपूर्ण तिसरी सिंफनी, चार संगीतनाटकं आणि मार्चच्या एका आठवड्यात एक प्रार्थनासंगीत लिहिलं. १५ ऑक्टोबर या एकाच तारखेची आठ गाणी आहेत.

‘एर्लक्योनिग’ त्याच शरद ऋतूतलं. कविता जर्मन कवी ग्योटेची: वादळी रात्री बाप आजारी मुलाला कवेत धरून घोडा दौडवतोय, मुलाला पिशाच्चांचा राजा दिसतो आणि बोलावतो, बापाला ते काहीच दिसत नाही. गायक एकच, पण त्याला चार माणसं गायची असतात: निवेदक, खालच्या स्वरांत धीर देणारा बाप, वरच्या स्वरांत घाबरलेला मुलगा आणि गोड, मंद आवाजातला राजा. राजा बोलतो तेव्हा सप्तक शुद्ध स्वरांचं होतं आणि पियानोची चाल मऊ पडते. मुलगा ‘बाबा, बाबा’ म्हणून ओरडतो तेव्हा त्याचा स्वर पियानोच्या स्वराला लागून घासतो, आणि दर हाकेला तो एक पायरी वर चढलेला असतो.

घोड्याच्या टापा पियानोवाल्याच्या उजव्या हातात आहेत. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम, आणि एका मात्रेत तीनदा. आता वरचा आकडा लावा: १५२ गुणिले तीन म्हणजे मिनिटाला ४५६ आघात, सेकंदाला साडेसातच्या वर. गाण्यात १४८ खंड, प्रत्येकी चार मात्रांचे. म्हणजे जवळपास चार मिनिटं, मध्ये राजाच्या ओळींपुरती थोडी उसंत.

इथे बहुतेक हात पहिल्या पानावरच फसतात. आवाज मोठा हवा म्हणून कोपरापासून जोर लावला जातो, मनगट आवळतं, आणि तिसऱ्या हाकेपर्यंत पोटरीत गोळा यावा तसा हात दगड होतो. बोटं कळीला चिकटून ठेवायची, कळ पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबायची, आणि मात्रेच्या पहिल्या आघातालाच वजन द्यायचं, उरलेले दोन उसळीवर येऊ द्यायचे. डावा हात मोकळा असेल तिथे खालचा स्वर त्याच्याकडे देणारेही आहेत. शूबर्टच्या काळच्या व्हिएन्नातल्या पियानोच्या कळा आजच्यापेक्षा हलक्या आणि उथळ होत्या, तरीही हे सोपं नव्हतं. एका आवृत्तीत त्याने स्वतःच तीनाऐवजी दोन आघात लिहून ठेवले आहेत. सरावाची रीत अशी: यंत्र १०० वर लावून सुरुवात, हात जिथे आवळला तिथे थांबून दोन घरं खाली, आणि आठवडाभरात पट्टीचं एखादंच घर वर.

हे सगळं शेवटच्या पानापर्यंत. तिथे बाप घाबरतो, घोड्याला टाच मारतो, आणि शूबर्ट लय वाढवत न्यायला सांगतो. १५२ मागे पडतो. मग दार येतं, टापा थांबतात, डफावरचा हात उचलावा तसा पियानो गप्प होतो. गायकाने उरलेली ओळ बोलल्यासारखी म्हणायची असते, कुठल्याच ठोक्याशिवाय. ‘त्याच्या कवेत ते मूल’ इथे एक स्वरसमूह वाजतो आणि त्यावर क्षणभर थांबायचं. किती, ते लिहिलेलं नाही. ‘गेलेलं होतं’ हे शब्द म्हटल्यावर पियानोचे दोन आघात, आणि गाणं संपतं.